श्वान हस्तक व्हायचंय? आधी स्वतःच्या हाताला शिस्त लावा

भरती अकॅडमीच्या मैदानावर पोरांशी बोलायला गेलो की एक प्रश्न हमखास येतो. "काका, डॉग स्क्वॉडला डायरेक्ट भरती असते का?"

महाराष्ट्र पोलिसांत आधी पोलीस शिपाई व्हायचं आणि मग श्वान पथकात जायचं, असा रस्ता आहे. मी १८ वर्षं जिल्ह्याच्या श्वान पथकात काढली, आधी दुय्यम हस्तक आणि मग प्रथम हस्तक म्हणून. एका कुत्र्यामागे दोन माणसं असतात, एक सुट्टीवर गेला तर दुसरा असावा म्हणून. कागदोपत्री आमचं पद 'श्वान हस्तक', बोलताना सगळे 'हँडलर' म्हणतात.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. कुत्र्याला वास घ्यायला शिकवावं लागत नाही. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी ५०-६० लाखांच्या घरात, कुत्र्याच्या नाकात २० ते ३० कोटी. त्याला दोनच गोष्टी शिकवायच्या: यातला कोणता वास आपल्याला हवाय, आणि तो सापडला की आपल्याला कसं सांगायचं. बाकीचं सगळं शिक्षण पट्टा धरणाऱ्या माणसाचं. ते कसं, हे पुढे सविस्तर सांगतो, कारण नवे हस्तक तिथेच मार खातात.

काम कोणतं, ते समजून घ्या

बाहेरून बघणाऱ्याला पोलिसांची सगळी कुत्री सारखीच वाटतात. पथकात मात्र प्रत्येकाचं काम वेगळं. गुन्हे शोधक कुत्रा चोरी, दरोडा, खून झाला की घटनास्थळावरून माणसाचा माग काढतो. स्फोटक शोधक कुत्रा बॉम्ब शोधक व नाशक पथकाबरोबर फिरतो. मंत्र्यांचा दौरा, गणपती, वारी, रेल्वे स्टेशन हे त्याचं रोजचं काम. तिसरा अमली पदार्थ शोधणारा. एका कुत्र्याला सगळं शिकवायच्या भानगडीत पडायचं नसतं. बसलेला कुत्रा गांजा सांगतोय की बॉम्ब, हे कळलंच पाहिजे.

मागासाठी जर्मन शेफर्ड आणि डॉबरमन, वासासाठी लॅब्रॉडॉर, अशी जुनी वाटणी आहे. आता बेल्जियन मॅलिनॉइसही आलाय. तो चपळ आणि चिवट असतो, पण नवख्या हाताला झेपत नाही. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर नावाजलेला जंजीर लॅब्रॉडॉरच होता. पुण्यात शिकून तो मुंबईच्या बॉम्ब शोधक व नाशक पथकात आला. त्याच्या नावावर ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ जिवंत काडतुसांची नोंद आहे. नोव्हेंबर २००० मध्ये हाडांच्या कर्करोगानं तो गेला, तेव्हा नऊ वर्षांचाही झाला नव्हता. २६/११ च्या मुंबई हल्ल्याच्या वेळी मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर ही कुत्री कामाला होती. आणि मोठ्या शहरातच नाव होतं असं समजू नका. बीड पोलिसांच्या रॉकीनं ३०० हून जास्त गुन्ह्यांच्या तपासात मदत केली. २०२० मध्ये तो गेल्यावर पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्याची आठवण काढली. जिल्ह्याच्या पथकातल्या आम्हा सगळ्यांची छाती त्या दिवशी भरून आली होती.

पहिली पायरी: वर्दी

पोलीस शिपाई भरतीसाठी बारावी पास हवं. वय खुल्या प्रवर्गाला १८ ते २८, मागासवर्गीयांना ३३ पर्यंत. उंची मुलांना १६५ सेंटिमीटर, मुलींना १५५. मुलांची छाती न फुगवता ७९ आणि फुगवून ५ सेंटिमीटर जास्त. मैदानी चाचणी ५० गुणांची: मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. लेखी १०० गुणांची. मूळ वेतनाची श्रेणी २१,७०० ते ६९,१०० रुपये. तुमच्या वर्षाची जाहिरात आली की ती ओळन् ओळ वाचा, कारण अटी बदलतात. निवड झाली की नानवीज, जालना, अकोला, मरोळ अशा एखाद्या प्रशिक्षण केंद्रात मूलभूत प्रशिक्षण होतं. तिथे कुत्र्याचा संबंध नाही. कायदा, कवायत, हत्यार हे सगळं शिकून घ्या, पुढे पंचनाम्याला उभं राहताना ते लागतंच.

केंद्रीय दलांचा रस्ताही चांगला आहे आणि आपली मुलं तिकडे कमी बघतात. कर्मचारी निवड आयोगाच्या जीडी (जनरल ड्युटी) कॉन्स्टेबल परीक्षेला दहावी पास चालतं, वय १८ ते २३. २०२४ पासून ही परीक्षा मराठीतूनही देता येते. सीमा सुरक्षा दलाचं श्वान प्रशिक्षण केंद्र ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला आहे, १९७० पासूनचं. देशभरातल्या राज्य पोलिसांची कुत्री आणि हस्तक तिथे शिकायला जातात. सीआरपीएफचं (केंद्रीय राखीव पोलीस दल) बेंगळुरूजवळ तरळूला, आयटीबीपीचं (भारत-तिबेट सीमा पोलीस) हरियाणात पंचकुल्याजवळ भानूला. विमानतळ आणि दिल्ली मेट्रोची सुरक्षा सीआयएसएफकडे (केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल), रेल्वे स्टेशनं आरपीएफकडे (रेल्वे सुरक्षा दल). लष्कराची कुत्री मेरठला रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरच्या केंद्रात तयार होतात. आपत्तीत धावून जाणाऱ्या एनडीआरएफची पुण्याजवळ सुदुंबऱ्याला बटालियन आहे, त्यांची कुत्री ढिगाऱ्याखालची माणसं शोधतात. पण तिथे केंद्रीय दलातून प्रतिनियुक्तीवरच जाता येतं.

जंगलाची ओढ असेल तर वन विभागाकडेही बघा. वन्यजीवांच्या व्यापारावर नजर ठेवणाऱ्या 'ट्रॅफिक इंडिया' या संस्थेच्या कार्यक्रमातून २००८ पासून वनखात्यांना वाघाची कातडी, हाडं, शिकारीचं मांस ओळखणारी कुत्री मिळू लागली. त्यांचे हस्तक वनखात्याचेच कर्मचारी असतात. म्हणजे इथेही आधी वनरक्षक व्हावं लागतं.

दुसरी पायरी: पथकात शिरकाव

पथकात जागा रिकामी झाली की इच्छुकांकडून अर्ज मागवतात. अर्ज पुष्कळ येतात, त्यातले निम्मे 'बंदोबस्त चुकेल' या हिशेबानं. बंदोबस्त चुकत नाही. उलट सगळ्यांच्या आधी तुम्हीच तिथे असता, आणि सगळे घरी गेले तरी कुत्र्याला खाऊ घातल्याशिवाय तुम्हाला जाता येत नाही.

माझा सल्ला सरळ आहे. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी केनेलवर, म्हणजे पथकाची कुत्री राहतात तिथे, जा. जुन्या हस्तकाला म्हणा, "दादा, काही काम असेल तर सांगा." तो झाडू हातात देईल. झाडा. दोन-तीन महिने जात राहिलात की अर्ज करताना तुमचं नाव पथकाला आधीच माहीत असतं. मी असाच आत आलो. पहिले सहा आठवडे मी एकाही कुत्र्याचा पट्टा धरला नव्हता. फरशी धुणं, भांडी घासणं आणि बघणं, एवढंच.

घरच्यांशीही आधीच बोला. सणावाराला तुम्ही घरी नसणार आणि रात्री-अपरात्री फोन येणार. कुत्रा आजारी पडला की तुम्ही केनेलच्या फरशीवर झोपणार. बायकोला किंवा नवऱ्याला हे नंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

तिसरी पायरी: पिल्लू आणि सकाळ

पिल्लू दोन-तीन महिन्यांचं असताना पथकात येतं. निवडताना रंगरूप बघू नका. किल्ल्यांचा जुडगा फरशीवर टाका. पिल्लू दचकेल, ते ठीक आहे. पण दचकून परत हुंगायला पुढे येतं का, ते बघा. चेंडू फेका. तो कपाटाखाली गेला तर किती वेळ मागे लागतं, ते मोजा. चेंडूसाठी वेडं होणारं पिल्लू पुढे वासासाठी वेडं होतं. सहा महिन्यांचं होईपर्यंत त्याला फक्त जग दाखवायचं: एसटी स्टँड, बाजार, जिना, गुळगुळीत फरशी, ढोल-ताशा, रेल्वेचा भोंगा.

आमची सकाळ साडेपाचला सुरू व्हायची. दार उघडलं की तारा, माझी लॅब्रॉडॉर, आधी माझ्या गुडघ्याला नाक लावायची आणि मग बाहेर पळायची. पहिलं काम तिची विष्ठा बघणं. पातळ असेल तर आज काम नाही. मग ब्रशनं खरारा. मग कानाची पाळी उलटून बघायची आणि प्रत्येक पंजाच्या बोटांच्या बेचक्यात बोट घालायचं, गोचीड तिथेच दडते. पावसाळ्यात एक गोचीड सुटली तर गोचीडतापानं कुत्रा आठ दिवसांत अर्धा होतो. हिरड्या दाबून बघायच्या, बोट काढल्यावर गुलाबी रंग लगेच परत आला पाहिजे. तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, हे त्याचं नेहमीचं. आपल्याला तो ताप वाटतो. हे सगळं दहा मिनिटांचं काम आहे. रोज त्याच क्रमानं केलं की कुत्रा तुम्हाला आपलं अंग तपासू देतो, आणि कुठे दुखतं ते पशुवैद्यकाच्या आधी तुम्हाला कळतं.

चौथी पायरी: वासाची ओळख

प्रशिक्षणाला कुत्रा आणि हस्तक जोडीनंच जातात. वास शोधणाऱ्या कुत्र्याला साधारण सहा महिने लागतात, माग काढणाऱ्याला त्याहून जास्त. सुरुवात आज्ञापालनापासून होते: सिट, डाउन, स्टे, हील (पायाला लागून चाल). आज्ञा एकदाच द्यायची. तीनदा 'सिट' म्हणणारा हस्तक कुत्र्याला 'तिसऱ्यांदा म्हटल्यावर बस' असं शिकवत असतो.

मग वास. एका ओळीत सारखी खोकी, प्रत्येकाला भोक, एकात नमुना. कुत्रा हुंगत जातो. योग्य भोकापाशी त्याचं नाक थबकतं, श्वासाचा आवाज बदलतो, शेपटीची लय बदलते. त्या क्षणी चेंडू मिळाला पाहिजे, आणि तो जणू खोक्यातूनच आला असं त्याला वाटलं पाहिजे. दोन सेकंद उशीर झाला, तेवढ्यात त्यानं तुमच्याकडे वळून बघितलं आणि मग तुम्ही चेंडू दिलात, तर तो शिकतो की हस्तकाकडे बघितलं की चेंडू मिळतो. ही सवय मोडायला महिना जातो.

नमुन्यापाशी थबकणं पक्कं झालं की त्याच्यावर बसणं चढवायचं. सापडलं की गपचूप बसायचं आणि नाक तिकडेच ठेवायचं. उकरायचं नाही, भुंकायचं नाही. स्फोटकाला पंजा लागला तर काय होईल, हे सांगायला नको.

यात एक बारीक गोष्ट आहे, ती मला दोन वर्षांनी कळली. नमुना तुम्ही प्लास्टिकच्या पिशवीत ठेवता, चिकटपट्टी लावता, हातमोजे घालून खोक्यात टाकता. बाकीच्या खोक्यांना हात लावत नाही. आता कुत्रा काय शिकेल? पिशवी, चिकटपट्टी आणि हातमोजा. म्हणून तीच पिशवी, तीच पट्टी, तोच हातमोजा प्रत्येक रिकाम्या खोक्यातही गेला पाहिजे. नमुना दर वेळी एकाच माणसानं लपवायचा नाही, नाहीतर कुत्रा त्या माणसाच्या पावलांचा माग काढत जागेवर पोचतो आणि तुम्ही टाळ्या वाजवता. काही फेऱ्यांत तर कुठेच नमुना ठेवायचा नाही. 'इथे काही नाही' हेही कुत्र्यानं ठामपणे सांगायला शिकलं पाहिजे.

पाचवी पायरी: पट्ट्यातला हात

एका परीक्षेत आम्हाला हॉलमध्ये दहा बॅगांची ओळ दिली होती. आत जाण्याआधी माझ्या कानावर आलं होतं की माल सहाव्या बॅगेत आहे. मी तारावर भरवसा ठेवून चाललो होतो, असं मला प्रामाणिकपणे वाटत होतं. पाच बॅगा झरझर झाल्या. सहाव्यापाशी माझं पाऊल मंदावलं आणि पट्टा जरासा, चार बोटांइतका, आखडला. तारानं बॅग हुंगली, माझ्याकडे बघितलं आणि बसली. परीक्षकांनी बॅग उघडली. रिकामी. माल नवव्या बॅगेत होता. ती बातमी परीक्षकांनीच मुद्दाम पसरवली होती. तारा चुकली नव्हती. मी तिला विचारण्याऐवजी उत्तर सांगितलं, आणि तिनं माझं ऐकलं.

हे माझ्या एकट्याचं दुखणं नाही. २०११ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी १८ प्रशिक्षित जोड्यांवर असाच प्रयोग केला. हस्तकांना सांगितलं होतं की इथे वास असू शकतो, काही जागी लाल कागदाची खूणही लावली होती. प्रत्यक्षात कुठेच काही नव्हतं. तरी बहुतेक फेऱ्यांत 'सापडलं' असं सांगितलं गेलं, आणि लाल कागद होता तिथे जास्त.

म्हणून सराव करताना नमुना कुठे आहे हे हस्तकाला माहीत नसावं, आणि जमेल तेव्हा आसपास उभ्या असलेल्या कोणालाच माहीत नसावं. चालण्याचा वेग एकसारखा ठेवा. पट्टा सैल ठेवा, इंग्रजी 'यू'सारखा झोल दिसला पाहिजे. कुत्रा बसण्याआधी कौतुकाचा सूर काढू नका. मोबाइल स्टँडवर लावून स्वतःचं चित्रीकरण करा आणि कुत्र्याला न बघता फक्त स्वतःचे खांदे आणि मनगट बघा. पहिल्यांदा बघाल तेव्हा लाज वाटेल. मलाही वाटली होती.

खऱ्या कामावर दबाव वेगळाच असतो. मागे साहेब उभे असतात, लोक जमलेले असतात, सगळ्यांचा संशय कोणावर आहे हे तुम्हाला गाडीतच कळलेलं असतं. अशा वेळी पथकाच्या गाडीतून उतरताना मी म्हणायचो, "साहेब, संशयिताचं नाव मला आत्ता सांगू नका." एकदोघांना राग आला, बाकीच्यांना कळलं.

माग काढणाऱ्यांसाठी थोडं वेगळं

पेपरात वाचता ना, 'श्वान रस्त्यापर्यंत जाऊन तिथेच घुटमळले'? लोक त्याला अपयश समजतात. रस्त्यावर चोर गाडीत बसला की जमिनीवरचा त्याचा माग तिथेच संपतो. घुटमळणं हे उत्तर आहे, ते तसंच नोंदवा. कुत्र्याला ओढून पुढे नेऊ नका.

माग सर्वांत चांगला मिळतो पहाटे, जमीन गार आणि ओलसर असताना. विदर्भातल्या मे महिन्यात दुपारी दोनला डांबरावर काहीही मागू नका. धापा टाकणारा कुत्रा तोंडानं श्वास घेतो, वास नीट घेऊच शकत नाही, आणि पंजे भाजतात ते वेगळंच. आपला हात डांबरावर पाच सेकंद टेकवून बघा. टेकवत नसेल तर कुत्राही चालणार नाही.

घटनास्थळी पोचण्याआधी ठाण्याला फोन करून तीनच गोष्टी सांगा: गर्दी बाहेर काढा, चोरानं हाताळलेल्या वस्तूला कोणी हात लावू नका, दारं-खिडक्या आहेत तशा ठेवा. सरपंचापासून फोटोग्राफरपर्यंत २० माणसं फिरून गेली की कुत्र्यासमोर २० माग असतात.

आणि कोर्टात काय होतं हेही माहीत असू द्या. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९६९ मध्ये म्हटलं की कुत्र्यानं काढलेल्या मागाचा पुरावा ग्राह्य धरता येतो, पण त्याला फारसं वजन देता येत नाही. कुत्र्याची उलटतपासणी होत नाही, तुमची होते. तेव्हा कुत्रा कितीला सुटला, कोणती वस्तू हुंगवली, वारा कुठून होता, कुठे वळला, कुठे थांबला, हे सगळं त्याच दिवशी लिहा. तपासाला दिशा मिळते ते आपलं यश, शिक्षा बाकीच्या पुराव्यावर होते.

आजपासून काय करता येईल

भरती निघेपर्यंत हात बांधून बसू नका. घरात, गल्लीत कुत्रा असेलच, गावठी असला तरी उत्तम. स्फोटक किंवा अमली पदार्थाच्या वाटेला अजिबात जाऊ नका, तो गुन्हा आहे आणि जिवाशी खेळ आहे. लवंग घ्या. दोन-तीन लवंगा एका घट्ट झाकणाच्या डबीत, झाकणाला सुईनं चार भोकं. लवंग त्याच्या पोटात जाता कामा नये, डबी उघडणार नाही याची खात्री करा. तशाच पाच डब्या रिकाम्या ठेवा, त्यांनाही तितकीच भोकं आणि तितकाच हात लावा.

पहिला आठवडा एकच डबी. नाक लागलं की चेंडू, किंवा भाकरीचा तुकडा. दुसऱ्या आठवड्यात तीन डब्या. मग सहा. मग डब्या खोलीत वेगवेगळ्या उंचीवर. दिवसाला पाच-सात मिनिटं, जास्त नाही. कुत्र्याला अजून खेळायचं असतानाच थांबायचं. तिसऱ्या आठवड्यापासून डबी लपवायचं काम बहिणीला किंवा मित्राला द्या, आणि लपवून झाल्यावर त्यांना खोलीबाहेर जायला सांगा.

एक वही करा. तारीख, वेळ, ऊन की पाऊस, पंखा चालू की बंद, डबी कोणी लपवली, किती सेकंदांत सापडली. शेवटचा रकाना तुमचा: पट्टा कुठे आखडला, पाऊल कुठे मंदावलं. पथकाच्या मुलाखतीला जाताना ती वही बरोबर न्या. माझ्यासमोर एका मुलीनं अशी वही ठेवली होती, चौदा पानं भरलेली. अकराव्या पानावर लिहिलं होतं, 'आज मोती तिसऱ्या डबीपाशी बसला, लवंग पाचवीत होती, मी तिसरीपाशी खोकले.' ती आता स्फोटक शोधक पथकात आहे.